सायकल, होडी, विमान आणि ब्रँडीची बाटली

८ जुलै हा आंतरराष्ट्रीय पॅरामेडिक दिन, म्हणजे अँब्युलन्समधून येऊन जागेवरच उपचार करणाऱ्यांचा दिवस. २०२२ पासून तो पाळला जातो आणि तारीख निवडली आहे एका फ्रेंच सर्जनच्या वाढदिवसाची. दोमिनिक-जाँ लारे, जन्म ८ जुलै १७६६, नेपोलियनच्या फौजेतला डॉक्टर. त्याच्या तरुणपणी लढाईची रीत अशी होती की जखमींसाठीच्या गाड्या मैदानापासून कोसभर मागं थांबायच्या. तोफा शांत झाल्या की मग त्या पुढं निघणार. तोवर ज्याचं नशीब बलवत्तर तो जगला. लारेला हे बघवेना. तोफखान्याच्या हलक्या गाड्या मैदानात कशा भरारा फिरतात हे त्यानं पाहिलं होतं. १७९२-९३ च्या सुमारास त्यानं जखमींसाठी तशाच चपळ घोडागाड्या काढल्या आणि त्या लढाई चालू असतानाच पुढं नेल्या. लोक त्यांना ‘उडत्या अँब्युलन्स’ म्हणू लागले.

गाड्यांहून मोठा होता त्याचा नियम. आधी कोणाला हात लावायचा हे जखम ठरवेल, हुद्दा नाही. सेनापतीचं बोट कापलं असेल आणि शिपायाचा पाय तुटला असेल तर आधी शिपाई. समोरच्या फौजेतला जखमी असला तरी हाच हिशोब. आज कोणत्याही अपघात विभागात ज्याची तब्येत जास्त नाजूक त्याला आधी आत घेतात, त्यामागं लारे आहे. वॉटर्लूच्या मैदानात गोळ्यांच्या वर्षावात जखमी उचलणारा हा माणूस ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनला दिसला आणि त्यानं त्या बाजूला तोफा डागू नका असा हुकूम दिला, असं सांगतात. नेपोलियननं मृत्युपत्रात त्याच्या नावे एक लाख फ्रँक ठेवले. आयुष्यात भेटलेला सर्वांत सच्चा माणूस अशी त्याची नोंदही केली.

याच तारखेला आणखी दोन गोष्टी घडल्या. ८ जुलै १९१८ रोजी इटलीच्या आघाडीवर रेडक्रॉसचा एक अमेरिकन पोरगा सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटत होता. तोफगोळा जवळ फुटला आणि त्याच्या पायात असंख्य तुकडे घुसले. अँब्युलन्स चालवायला म्हणून तो इटलीला आला होता. नाव अर्नेस्ट हेमिंग्वे. एकोणीस वर्षं पुरी व्हायला तेरा दिवस बाकी होते.

आणि ८ जुलै २०१६ रोजी कराचीत अब्दुल सत्तार इधी गेले. जन्म आपल्या गुजरातेतल्या बांटव्याचा. फाळणीनंतर कराचीला गेले आणि १९५७ च्या फ्लूच्या साथीत रस्त्यावर तंबू ठोकून लोकांची सेवा करू लागले. एक जुनी व्हॅन घेतली, स्वतः चालवू लागले. त्या एका व्हॅनची पुढं एवढी मोठी फौज झाली की जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी अँब्युलन्स सेवा म्हणून गिनेस बुकानं तिची नोंद केली. कराचीत ११५ फिरवला की इधींची गाडी येते. जखमी असो की बेवारस मृतदेह, कोणत्या धर्माचा हे विचारलं जात नाही. १९८६ मध्ये इधी आणि त्यांच्या पत्नी बिल्किस यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला या सगळ्या मंडळींत इधी सर्वांत जवळचे वाटतात, कारण त्यांच्याकडं ना सरकार होतं ना सैन्य. होती ती एक खटारा गाडी.

सीटखाली ब्रँडी

१८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलनं घोड्यांची अँब्युलन्स सेवा सुरू केली. गाडीवानाच्या सीटखाली एक पेटी असे. त्यात रक्त थांबवायचे पट्टे, बँडेज, स्पंज आणि जवळजवळ लिटरभर ब्रँडी. तेव्हा धीर देण्याचं, वेदना कमी करण्याचं तेच हुकमी औषध होतं.

१९०३ मध्ये त्याच शहरात एमिली डनिंग ही तरुण डॉक्टर अँब्युलन्सवर रुजू झाली. अँब्युलन्स सर्जन म्हणून काम करणारी ती पहिली बाई. लांब झगा सांभाळत घोडागाडीच्या मागच्या पायरीवर चढायचं, गरीब वस्त्यांतले काळोखे जिने चढायचे, आणि हॉस्पिटलात परत आलं की पुरुष सहकाऱ्यांचा छळ सोसायचा. वस्तीतल्या लोकांनी मात्र तिला मनापासून आपलं म्हटलं.

विजेवरच्या गाड्या आज आपल्याला नव्या वाटतात. सप्टेंबर १९०१ मध्ये बफेलो शहरात अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांना गोळी लागली, तेव्हा त्यांना नेलं ते विजेवर चालणाऱ्या अँब्युलन्समधूनच.

व्हिएन्नाची आग, पिट्सबर्गची पोरं

८ डिसेंबर १८८१. व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला आग लागली आणि शेकडो प्रेक्षक गेले. मदत करायला माणसं होती, पण कोणी काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी यारोमीर मुंडी नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या दोन मित्रांनी शहराची स्वयंसेवी बचाव संस्था स्थापन केली.

त्याच व्हिएन्नात १९२४ मध्ये पीटर साफर जन्मले. पुढं अमेरिकेत ते भूलतज्ज्ञ झाले. तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं यांची सांगड घालून आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो ती पद्धत रूढ करण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा. १९६६ मध्ये ते बाहेरगावी असताना त्यांच्या लहान मुलीला दम्याचा तीव्र झटका आला आणि ती वाचली नाही. ज्यांनी जगाला श्वास द्यायला शिकवलं त्यांच्याच घरात असं घडलं. साफर यांनी उरलेलं आयुष्य हॉस्पिटलात पोचण्याआधीच्या मिनिटांवर खर्च केलं.

त्या काळातली अमेरिका डोळ्यांसमोर आणा. बऱ्याच गावांत अँब्युलन्स म्हणजे अंत्यविधी करणाऱ्या कंपनीची शववाहिका, कारण माणसाला आडवं झोपवता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडंच असायची. पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांच्या व्हॅनकडं होतं. मागं पेशंटला ठेवायचं, दोघा पोलिसांनी पुढं बसायचं आणि गाडी पळवायची. पेशंटजवळ कोणी नाही. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर ही व्हॅन वेळेवर येईल याचाही भरवसा नव्हता.

साफर आणि फिल हॅलन नावाच्या समाजकार्यकर्त्यानं १९६७ मध्ये याच वस्तीतली पोरं निवडली. कोणी व्हिएतनामहून परतलेला, कोणी शाळा सोडलेला, बहुतेक बेकार. लोकांच्या लेखी ही ‘नोकरीला नालायक’ मुलं. त्यांना तीनशे तासांचं कसून शिक्षण दिलं: शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणं, हृदय पुन्हा चालू करणं, बाळंतपण. गाडीचा आराखडाही साफर यांनी नव्यानं केला. पेशंटच्या डोक्याशी बसून काम करता येईल एवढी जागा त्यात ठेवली. सेवेचं नाव ‘फ्रीडम हाउस’. रस्त्यावर उतरल्यावर पहिल्याच वर्षात त्यांनी साडेपाच हजारांहून जास्त कॉल घेतले. ज्या पोरांना कोणी दारात उभं करत नव्हतं, ती आता लोकांच्या घरात शिरून त्यांचे जीव वाचवत होती.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टर तिथं वैद्यकीय प्रमुख म्हणून आल्या. त्या नुसत्या ऑफिसात बसल्या नाहीत, मुलांबरोबर गाडीतून फिरल्या. या कामातून पॅरामेडिकसाठीचा देशपातळीवरचा अभ्यासक्रम उभा राहिला. त्यांचं ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हे पाठ्यपुस्तक आजही नव्या आवृत्त्यांतून विद्यार्थ्यांच्या हातात आहे. पुढं त्या इस्रायलला गेल्या आणि तिथली अँब्युलन्स सेवाही त्यांनी घडवली.

१९७५ मध्ये पिट्सबर्ग शहरानं स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झालं. ज्यांनी सगळं सुरू केलं त्यांतल्या अनेकांना नव्या सेवेत बाजूला सारलं गेलं. हा अन्याय होता. त्यांच्यातले जॉन मून टिकले. वरच्या पदापर्यंत चढत गेले आणि आपल्या साथीदारांची गोष्ट जगाला सांगत राहिले. आज जगात कुठंही पॅरामेडिक पेशंटच्या उशाशी बसून ऑक्सिजन लावतो, तेव्हा त्यात या पोरांचं देणं आहे.

बाहुलीचा चेहरा

सीपीआर शिकताना ज्या बाहुलीची छाती दाबतात तिचं नाव अ‍ॅन. साफर यांच्या सूचनेवरून ती बनवली नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल यांनी, १९६० मध्ये. ते खेळणी बनवायचे. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या ही त्यांची खासियत. त्यांचा लहान मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता, म्हणून हे काम त्यांनी जीव ओतून केलं. चेहरा मात्र त्यांच्या कल्पनेतला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा मुखवटा युरोपातल्या घराघरांत भिंतीवर लावला जायचा, त्यावरून तो घेतला. नदीत गेलेल्या त्या मुलीच्या ओठांवर ओठ ठेवून जगभरातल्या माणसांनी श्वास द्यायला शिकून घेतलं. तिची गोष्ट किती खरी, किती दंतकथा, यावर अजून वाद आहेत.

शिकताना लक्षात ठेवायचा वेग: मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोरानं. इंग्रजी मुलखात यासाठी बी जीज यांचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ हे गाणं मनात म्हणायला सांगतात, कारण त्याचा ठेका बरोबर याच वेगाचा आहे.

सत्तर किलोचा झटका

बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलात फ्रँक पँट्रिज हे हृदयरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत त्यांनी ब्रह्मदेशाच्या रेल्वेमार्गावरची वेठबिगारी भोगली होती. हॉस्पिटलात परतल्यावर त्यांना एकच गोष्ट छळायची: हार्ट अ‍ॅटॅकनं जाणारी बहुतेक माणसं हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. मग यंत्रच त्यांच्याकडं न्यावं. १९६५ मध्ये त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेच्या झटक्यानं हृदय पुन्हा चालू करणारं यंत्र, बनवला. वजन ७० किलो, म्हणजे सिमेंटच्या भरल्या पोत्याहून जड. तरीही तो अँब्युलन्समध्ये चढला आणि रस्त्यावर, घरात, कारखान्यात लोकांची हृदयं पुन्हा चालू करू लागला. १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. अमेरिकेनं कल्पना झटकन उचलली, खुद्द ब्रिटनला पटायला वेळ लागला. काही वर्षांतच यंत्राचं वजन तीन-सव्वातीन किलोवर आलं. विमानतळावर, मॉलमध्ये भिंतीवर लटकलेला तो छोटा डबा याच पोत्याचा वंशज.

आता स्वीडन तो डबा आकाशातून पाठवतं. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रोलहेटन गावात ७१ वर्षांचे एक गृहस्थ दारातला बर्फ उपसताना कोसळले. फोन गेल्यापासून तीन मिनिटांच्या थोडं पुढं ड्रोननं डिफिब्रिलेटर आणून टाकला. कामावर निघालेला एक डॉक्टर योगायोगानं तिथून जात होता, त्यानं तो लावला. ते गृहस्थ वाचले.

आकडे कुठून आले

लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर नोव्हेंबर १९३५ मध्ये आग लागली आणि पाच बायका गेल्या. शेजाऱ्यानं फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजनं त्याला रांगेत ताटकळत ठेवलं. त्यानं संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ३० जून १९३७ रोजी तातडीच्या मदतीसाठीचा ९९९ हा फोन नंबर सुरू झाला. अमेरिकेतला पहिला ९११ कॉल १६ फेब्रुवारी १९६८ चा, अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावातून. युरोपभर ११२, जपानमध्ये ११९, चीनमध्ये १२०, थायलंडमध्ये १६६९. आपला १०८ सुरू झाला हैदराबादहून, १५ ऑगस्ट २००५ रोजी.

पेटीतलं औषध नंबर अमुक

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात शेजारी म्हणजे शंभर किलोमीटरवरचा माणूस. १९१७ मध्ये तिथल्या हॉल्स क्रीक या वस्तीत जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. डॉक्टर होते पर्थला, हजारो किलोमीटर दूर. गावच्या पोस्टमास्तरानं, फ्रेड टकेटनं, तारेवरून डॉक्टरांच्या सूचना घेत घेत साध्या चाकूनं त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. डॉक्टर स्वतः बोट, मोटार, घोडा, पाय असं सगळं करून निघाले. पोचले तेव्हा डार्सी गेलेला होता. हे ऐकून सारा देश हळहळला.

जॉन फ्लिन या पाद्र्यानं ही गोष्ट मनावर घेतली. क्लिफर्ड पील नावाच्या एका तरुण सैनिकानं त्यांना पत्र लिहून सुचवलं होतं की डॉक्टरला विमान द्या. पील युद्धातून परतला नाही, पण त्याचं पत्र कामी आलं. १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरीहून ‘फ्लाइंग डॉक्टर’चं पहिलं उड्डाण झालं, क्वांटासकडून भाड्यानं घेतलेल्या विमानातून. पहिल्या वर्षात ५० उड्डाणं आणि २२५ रुग्ण. पण फोनच नसलेल्या शेतावरून डॉक्टरला बोलवायचं कसं? आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायडल मारून वीज तयार करणारा रेडिओ काढला. हातांनी संदेश पाठवायचा, पायांनी वीज.

मग प्रत्येक दूरच्या शेतावर औषधांची पेटी ठेवली गेली. बाटल्यांवर नावांऐवजी आकडे. डॉक्टर रेडिओवरून सांगणार, ‘अमुक नंबरच्या दोन गोळ्या.’ दुखतंय कुठं हे नेमकं कळावं म्हणून शरीराचं चित्र, त्यावरही आकडे. ही पेटीची पद्धत आजही चालते. त्या मुलखात काही ठिकाणी महामार्गावरच धावपट्टीच्या खुणा रंगवलेल्या आहेत. रुग्णासाठी विमान थेट रस्त्यावर उतरतं आणि ट्रक थांबून राहतात. फ्लिन यांचा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर आहे. शेजारी तो पायडलचा रेडिओही आहे.

जसा मुलूख तशी गाडी

व्हेनिसमध्ये रस्तेच नाहीत, म्हणून अँब्युलन्स म्हणजे मोटारबोट. हॉस्पिटलचा धक्का थेट पाण्यावर. कालव्यापासून घरापर्यंत मात्र पायऱ्यांचे पूल ओलांडत पेशंटला खांद्यावर न्यावं लागतं. लंडनच्या वेस्ट एंडच्या गर्दीत सायकलवरचे पॅरामेडिक फिरतात. ही कल्पना टॉम लिंच यांची, जे पूर्वी बीएमएक्सच्या शर्यती मारायचे. ब्रिटनचे राजपुत्र विल्यम २०१५ ते २०१७ या काळात ईस्ट अँग्लियाच्या एअर अँब्युलन्सवर वैमानिक म्हणून पाळ्या करत होते. स्वित्झर्लंडची ‘रेगा’ ही १९५२ पासूनची हवाई बचाव संस्था माणसांना तर वाचवतेच, पण डोंगरावर जखमी झालेल्या शेतकऱ्याच्या गाईला खाली आणायची सोयही करते. हेलिकॉप्टरखाली जाळीत लटकून दरी ओलांडणारी गाय हे तिथलं ओळखीचं दृश्य आहे.

केपटाउनमध्ये वेगळीच अडचण. काही वस्त्यांत टोळ्यांच्या हिंसाचारामुळं पॅरामेडिक पोलिसांचं संरक्षण मिळाल्याशिवाय शिरू शकत नाहीत. त्यांच्यावर हल्ले झाले आहेत, लूटमार झाली आहे. तरी पुढच्या पाळीला ते पुन्हा येतात.

आत कोण बसतं?

हे देशोदेशी फार बदलतं. फ्रान्सच्या ‘सामू’ सेवेत गंभीर रुग्णासाठी डॉक्टरच गाडीतून येतो. स्वीडनमध्ये प्रत्येक अँब्युलन्सवर नोंदणीकृत परिचारिका किंवा परिचारक असतोच. जपानमध्ये अँब्युलन्स अग्निशमन दलाची असते, फुकट असते, आणि चौकात शिरताना ‘लाल दिव्यातून जातो आहोत, जरा सांभाळा’ असं लाउडस्पीकरवरून विनम्रपणे सांगत जाते.

फ्लॉरेन्सची तर बातच निराळी. तिथली ‘मिझेरिकोर्दिया’ ही संस्था परंपरेनुसार १२४४ सालची. जुन्या काळी तिचे स्वयंसेवक काळे झगे आणि तोंड झाकणारी टोपी घालून रुग्ण वाहून न्यायचे. सेवा करणारा कोण, हे कोणाला कळू नये म्हणून. आजही कॅथेड्रलसमोरच्या त्याच चौकातून त्यांच्या अँब्युलन्स निघतात आणि आजही त्यांवर स्वयंसेवक असतात: बँकेतला कारकून, कॉलेजची मुलगी, निवृत्त शिक्षक.

आपल्याकडच्या अनेक अँब्युलन्सवरही जो सहा टोकांचा निळा तारा दिसतो, तो १९७३ मध्ये अमेरिकेत लिओ श्वार्ट्झ यांनी काढला. आधी तिथं केशरी क्रॉस वापरायचे, पण तो आमच्या चिन्हासारखा दिसतो अशी रेडक्रॉसची तक्रार आली. ताऱ्याच्या सहा भुजा म्हणजे कामाच्या सहा पायऱ्या: संकट ओळखणं, कळवणं, धावून जाणं, जागेवर उपचार, वाटेत उपचार आणि हॉस्पिटलच्या हाती सोपवणं. पहिल्या दोन पायऱ्या बघ्यांच्या हातात असतात.

वाट देणं

जर्मनीत महामार्गावर गाड्या मुंगीच्या गतीनं सरकू लागल्या की सायरन ऐकू येण्याआधीच वाट मोकळी करावी लागते. डावीकडच्या रांगेनं डावीकडं, बाकी सगळ्यांनी उजवीकडं सरकायचं. मधून अँब्युलन्सचा रस्ता तयार. जो सरकत नाही त्याला किमान २०० युरो दंड. आपल्याकडं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाशिवायही हे जमतं, हे पुण्यानं दाखवलं आहे. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर मुंगी शिरणार नाही अशी गर्दी, ढोलताशांचा कल्लोळ, आणि अँब्युलन्स आली की ढोल थांबतात, गर्दी दुभंगते, गाडी जाते, गर्दी मिटते. ते व्हिडिओ पाहताना अंगावर काटा येतो.

स्ट्रेचर उचलणारे हात

बोअर युद्धात, १८९९-१९०० मध्ये, दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी सुमारे अकराशे हिंदी माणसांचं स्ट्रेचर पथक उभं केलं. त्यांत बहुतेक गिरमिटिया मजूर होते. स्पिऑन कॉपच्या लढाईत जखमींना उचलून ही माणसं दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत होती. १९३८ मध्ये युद्धात सापडलेल्या चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. देशातल्या लोकांच्या वर्गणीतून त्यांच्यासोबत एक अँब्युलन्सही गेली होती.

शेवटची इच्छा

नेदरलँड्समध्ये कीस वेल्डबूर हे अँब्युलन्सचे ड्रायव्हर होते. २००६ मध्ये एका मरणासन्न खलाशाला हॉस्पिटलात नेताना त्यांनी विचारलं, काही करावंसं वाटतं का? तो म्हणाला, पुन्हा एकदा पाण्यावर जायचंय. कीस यांनी सुट्टीच्या दिवशी स्ट्रेचरसकट त्याला बोटीतून बंदरात फिरवून आणलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी यासाठी संस्थाच काढली. तेव्हापासून हजारो इच्छा पुऱ्या झाल्या आहेत. कोणाला रेम्ब्रांटची चित्रं पाहायची असतात, कोणाला नातीचं लग्न, कोणाला आपला घोडा. रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात आयुष्यभर काम केलेल्या एकाला जिराफांचा निरोप घ्यायचा होता, तर एक जिराफ वाकून त्याच्या तोंडाला तोंड लावून गेला. गाडीवरचे स्वयंसेवक बहुतेक याच क्षेत्रातले: आठवडाभर जीव वाचवण्यासाठी धावणारे, आणि सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्याची सोबत करणारे. कीस २०२१ मध्ये गेले, संस्था चालू आहे.

आपला १०८

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, गोव्यात त्याआधी २००८ मध्ये. महाराष्ट्रात गाडीवर डॉक्टर असतो आणि चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. हजारो बाळं या गाड्यांत जन्मली आहेत. घाटात, पावसात, टॉर्चच्या उजेडात. आषाढी वारीत पालख्यांबरोबर या गाड्या पंढरपूरपर्यंत जातात. २०१७ पासून मुंबईच्या गल्लीबोळांत मोटारसायकलवरच्या अँब्युलन्सही आल्या. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांना बोटीतूनच आरोग्यसेवा पोचते. आणि जिथं गाडी पोचतच नाही अशा पाड्यांवर आजही बांबूला चादर बांधून झोळी करतात. गरोदर बाईला तीत घालून चार माणसं डोंगर उतरतात. रस्त्यावर उभ्या असलेल्या १०८ पर्यंतचं सगळं काम त्या चौघांचं. त्यांना पगार नाही, गणवेश नाही, पण या लेखातल्या कोणाही इतकाच त्यांचा मान आहे. तो रस्ता लवकर व्हायला हवा, हेही तितकंच खरं.

१०८ ला फोन लागला की आधी ठिकाण सांगा. पत्त्यापेक्षा खूण जास्त कामाची: कोणतं देऊळ, कोणती शाळा, कोणता फाटा. मग पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. पलीकडचा माणूस प्रश्न विचारत असताना गाडी निघालेली असू शकते, म्हणून फोन ठेवू नका. एकाला कोपऱ्यावर उभं करा. लिफ्ट खाली आणून ठेवा, दारातल्या स्कूटर बाजूला घ्या, चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत भरा.

आणि पेशंट घरी आला की अँब्युलन्सवरच्या माणसांना कळवा. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर सोपवलं की पुढं त्या माणसाचं काय झालं हे गाडीवरच्यांना सहसा समजतच नाही. तोवर पुढचा कॉल आलेला असतो. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या काही सेवा भेटीचे कार्यक्रम ठेवतात. हृदय थांबून पुन्हा चालू झालेली माणसं बायकापोरांना घेऊन येतात, आणि ज्यानं छाती दाबली होती तो पॅरामेडिक आपल्या पेशंटला पहिल्यांदाच उभं राहून बोलताना पाहतो.